गुलाबी फिलोडेंड्रॉन घेताय? आधी खोड बघा

बेळगावच्या टिळकवाडी-शहापुरात सध्या घरोघरी फिलोडेंड्रॉन, ॲग्लोनिमा, कॅलेथिया अशा रंगीत पानांच्या शोभेच्या झाडांचं वेड आहे, म्हणून लिहितेय. व्हॉट्सॲपवर झाडं विकणाऱ्या एकाकडून मी 'पिंक प्रिन्सेस' या गुलाबी पट्ट्यांच्या फिलोडेंड्रॉनचं म्हणून १,८०० रुपयांचं रोप मागवलं. शेंड्याची पानं अख्खी गुलाबी, हिरवा ठिपका औषधालाही नाही. खालची जुनी पानं मात्र साधी हिरवी.

पुढं जे नवं पान उलगडलं ते हिरवं, त्याच्या पुढचंही हिरवं. गुलाबी पानंसुद्धा हळूहळू हिरवी पडायला लागली. फोन केला तर म्हणतो, "ताई, बेळगावची हवा मानवली नाही त्याला. थंडी फार तुमच्याकडं." वर रंग आणणारं खत म्हणून ३५० ची बाटली गळ्यात मारायला बघत होता!

हवेचं म्हणणं अगदीच खोटं नाही, तीच तर गोम आहे. ही उष्ण, दमट जंगलातली झाडं. पारा १५ अंशांखाली गेला की कुरकुरतात, आणि आपल्याकडं थंडीत पहाटे तो जातो. मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत कॅलेथियाच्या कडा करपतात. उजेड कमी पडला तर खऱ्या प्रिन्सेसचाही गुलाबी उतरतो. पण माझं रोप पूर्वेच्या खिडकीत, पडद्याआडच्या उजेडात, कोकोपीट-परलाइटच्या भुसभुशीत मिश्रणात जोमानं वाढत होतं. हवा मानवली नाही तर पानं पिवळी पडतात, गळतात. टवटवीत हिरवी कशी होतील? शहापूरच्या वहिनींनी त्याच्याकडूनच घेतलेलं रोपही तसंच हिरवं झालं.

खानापूर रोडच्या एका नर्सरीतल्या माळीमामांनी बघताक्षणी सांगितलं, "हे पिंक काँगो." साध्या हिरव्या फिलोडेंड्रॉनवर इथिलीनसारख्या रसायनाची प्रक्रिया करतात. केळी पिकवायला वापरतात तोच वायू. त्याचा असर ओसरला की झाड मूळ रंगावर येतं. खऱ्या प्रिन्सेसची पानं काळपट हिरवी, त्यावर वेडेवाकडे गुलाबी पट्टे आणि शिंतोडे, एक पान दुसऱ्यासारखं नाही. तिच्या खोडावरही गुलाबी रेघा असतात. हे पाठ करून ठेवा.

पैसे परत मागितल्यावर त्या विकणाऱ्यानं मला ब्लॉक केलं. आता दुसऱ्या नंबरवरून तसलीच रोपं 'बेबी पिंक' म्हणून खपवतोय. फोटोत मागं तीच निळी ताडपत्री आहे, त्यावरून कळलं. यूपीआय करण्याआधी खोडाचा जवळून फोटो मागा, नुसता पानांचा चालवून घेऊ नका.