टाकीची सावली आणि तीन किलोवॉट सोलर: एका हिवाळ्यानंतरचा अनुभव

सबसिडीचे ७८,००० जमा झाले, नेट मीटर (ग्रिडला दिलेली आणि घेतलेली वीज मोजणारं) बसलं, बिल उतरलं. हे सगळं तुम्हाला ठाऊकच आहे. मला बोलायचंय ते सावलीबद्दल.

पुण्यात आमचे पॅनेल मे महिन्यात बसले. तेव्हा भर दुपारी सूर्य डोक्यावर असतो, पाण्याच्या टाकीची सावली टाकीच्याच पायाशी पडते. व्हेंडरने तेवढंच पाहिलं. डिसेंबरअखेर सूर्य दुपारीसुद्धा जेमतेम ४८ अंश वर चढतो. तीननंतर टाकीची सावली कडेच्या पॅनेलच्या कोपऱ्यात शिरायची आणि ॲपवरचा आलेख धाडकन खाली यायचा.

व्हेंडरचं उत्तर ठरलेलं, "साहेब, एवढ्याशा सावलीने काय होतंय?" वर प्रत्येक पॅनेलला ऑप्टिमायझर (एका पॅनेलच्या सावलीचा फटका बाकीच्यांना बसू न देणारी डबी) लावायचं वेगळं कोटेशन! मी एक रुपयाही दिला नाही.

एवढ्याशा सावलीने बरंच होतं. पॅनेलमधले सेल एकापुढे एक जोडलेले असतात, सगळ्यांतून करंट एकच वाहतो. सावलीतला सेल तेवढा करंट देऊ शकत नाही, उलट बाकीच्यांची वीज खाऊन तापतो. म्हणून पॅनेलच्या मागच्या डबीत बायपास डायोड असतात. ते तेवढा भाग वगळून करंट पुढे नेतात. म्हणजे कोपऱ्यातल्या सावलीने एका पॅनेलचा तिसरा हिस्सा जाईल, हे मान्य. पण आमची सहा पॅनेलची अख्खी स्ट्रिंग, म्हणजे एकापुढे एक जोडलेली माळ, का बसावी?

मी इन्व्हर्टर, म्हणजे पॅनेलची डीसी वीज घरासाठी एसी करणारं यंत्र, बदलून मागायच्या तयारीत होतो. तक्रारींवर तक्रारी केल्यावर इन्व्हर्टर कंपनीचा एक मुलगा आला आणि त्याने नीट समजावलं. कोणत्या व्होल्टेजला किती पॉवर मिळते याच्या वक्रावर इन्व्हर्टर सतत शिखर शोधत असतो; डायोड चालू झाला की या वक्राला एकाऐवजी दोन शिखरं येतात, आणि इन्व्हर्टर बुटक्या शिखरावरच अडकून बसतो. सगळा वक्र तपासून उंच शिखर शोधायची सेटिंग आमच्या इन्व्हर्टरमध्ये होती, फक्त बंद होती. त्याने ती चालू केली आणि त्याच दुपारी आलेख सावरला. इन्व्हर्टरबद्दलचं माझं मत तिथेच बदललं, व्हेंडरबद्दलचं नाही.

मेमध्ये विक्रमी युनिट येतील ही आशा मात्र कोणी धरू नये. सेल २५ अंशांच्या वर तापला की दर अंशाला साधारण ०.३ ते ०.४ टक्के पॉवर घटते, आणि उन्हाळ्यात तो सहज ६० पार करतो.

कडेचं पॅनेल स्वखर्चाने सरकवून द्यायचं व्हेंडरने आता लेखी कबूल केलंय. ते होईपर्यंत मेन्टेनन्सचे पैसे माझ्याकडेच राहतील.