‘नोट्स ऑन नर्सिंग’ : नर्ससाठी न लिहिलेलं नर्सचं पुस्तक

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचं हे छोटं पुस्तक 1860 च्या सुरुवातीला वाचकांच्या हाती आलं. लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयातली त्यांची नर्सिंगची शाळाही त्याच वर्षी सुरू झाली. पण हे त्या शाळेचं क्रमिक पुस्तक नव्हे. घरातलं आजारपण ज्यांच्या अंगावर पडतं त्या बायकांसाठी ते आहे, असं बाई प्रस्तावनेतच बजावतात.

सगळ्यात कसदार भाग खाण्याचा. दर तीन तासांनी कपभर अन्न द्यायला सांगितलंय आणि पोटात ठरत नाही? मग तासाला एक मोठा चमचा द्या. तेही जमेना, तर पाव तासाला एक छोटा चमचा. न खाल्लेलं ताट पुढच्या वेळेपर्यंत उशाशी ठेवू नका, त्यानं उरलीसुरली भूकही मरते. उबेबद्दलचे सल्लेही असेच नेमके: शेकायची बाटली उघड्या हाताला सोसेल इतकीच गरम हवी आणि आठ तासांपलीकडे ती ऊब देईल अशी अपेक्षा नको. अशक्त माणूस पहाटे गारठतो, म्हणून पाय हाताने चाचपून पाहायचे.

निरीक्षणाचं प्रकरण तर आजही आरोग्यसेविकांच्या प्रशिक्षणात जसंच्या तसं वापरावं. ‘झोप चांगली लागली का?’ हा प्रश्न फुकट. कुणाला सलग दहा तास झोप मिळाली नाही तर रात्र वाईट वाटते, तर कुणाला डुलक्यांवरही ती बरी गेलीशी वाटते. म्हणून किती तास आणि किती ते किती, असंच विचारायचं.

स्वच्छतेची प्रकरणं चटकन वाचून होतात. कोरड्या फडक्याने झटकलं की धूळ जात नाही, सगळीकडे सारखी पसरते. म्हणून ओलं फडकं. हात दिवसातून अनेकदा धुवा.

दोष मोठा आहे. कोंदट खोलीत देवीचा रोग आपोआप उपजतो, असं बाई ठामपणे लिहितात. सल्ला खिडक्या उघडण्याचा, म्हणजे योग्यच. कारण मात्र चुकीचं. शिकवताना एवढा भाग दुरुस्त करूनच सांगावा. भाषाही अधूनमधून खोचक आहे, पण ती खटकत नाही.

विकत घेताना आवृत्ती तपासा. कष्टकऱ्यांसाठी काढलेल्या 1861 च्या आवृत्तीत तान्ह्या बाळाच्या देखभालीचं जादा प्रकरण आहे, पहिल्या आवृत्तीत ते नाही. वस्तीत शिकवायचं असेल तर 1861 चीच घ्या.