जुनी मिलिटरी टार्गेट रायफल दाखवायला क्रॉफर्ड मार्केटजवळच्या दुकानात गेलो त्याचा रिव्ह्यू

दुकानाचं नाव टाकत नाहीये, शेठनीच सांगितलं की बंदुकीच्या दुकानाला ऑनलाइन जाहिरात नको, नको ते लोक येतात. क्रॉफर्ड मार्केटकडून मोहम्मद अली रोडच्या दिशेला आत जाऊन लायसनवाल्या कोणालाही विचारा, तो सांगेल.

काम असं होतं की बाबांच्या लायसनवर एक .२२ रायफल आहे (म्हणजे बारीक गोळीची), जुनी, लांबलचक, दिसायला अगदी थ्री नॉट थ्रीसारखी, म्हणजे आर्मीच्या जुन्या .३०३ रायफलीसारखी. बाबांचं वय सत्तरच्या पुढे गेलंय त्यामुळे ती आता माझ्या नावावर करायची प्रोसेस चालू आहे, आणि त्याआधी मला कळायला हवं होतं की ही वस्तू नक्की आहे काय. घरातली स्टोरी अशी की ही पहिल्या महायुद्धात फ्रान्सला जाऊन आली, कारण तिच्यावर १९१७ कोरलंय. दुसऱ्या एका डीलरने बघितल्या बघितल्या "लंडन मेड, एकदम ओरिजनल, मला द्या" म्हटलं होतं, तेव्हाच डोक्यात पाल चुकचुकली.

तर इथे सगळ्यात आधी लायसन मागितलं, चहा नंतर. लायसनवरचा नंबर आणि रायफलच्या बॉडीवरचा नंबर जुळवून बघितला आणि मगच केस उघडू दिली. हे मला आवडलं. नंबर घासलेला निघाला असता तर हात लावला नसता म्हणाले, आणि बरोबरच आहे, आर्म्स ॲक्टमध्ये नंबर नसलेलं हत्यार हा वेगळाच गुन्हा आहे.

खरं काम करतात ते मागच्या खोलीतले चाचा. रत्नागिरीकडचे, मराठी आपल्यापेक्षा चांगलं. त्यांनी रायफल खांद्याला लावून वगैरे बघितली नाही, सरळ टेबलावर आडवी ठेवली, भिंग घेतलं आणि पुढचं लाकूड उतरवायला घेतलं, आणि तिथून पुढे जे सांगत गेले त्यासाठी मी हा रिव्ह्यू लिहितोय.

दस्ता जिथे बॉडीला जोडतो त्या पट्टीवर मुकुट, खाली जी.आर. (राजा जॉर्जची आद्याक्षरं), एनफिल्ड, १९१७ आणि मार्क थ्री स्टार (मॉडेलचं नाव) असं आहे. म्हणजे बॉडी इंग्लंडच्या सरकारी कारखान्यातली हे खरं, पण १९१७ हे साल फक्त बॉडीचं. तेव्हा ती .३०३ होती. .२२ ची केली ती नंतर, सोल्जर लोकांना कमी अंतरावर स्वस्तात नेमबाजी शिकवायला, आणि त्याचा शिक्का वेगळ्या ठशाचा आहे, नंबर टू मार्क फोर, म्हणजे बदललेल्या मॉडेलचं नाव. चाचा म्हणाले, "साहेब, ही नंबर वन, नंबर टू नावं १९२६ नंतरची, त्यामुळे हा शिक्का महायुद्धातला असूच शकत नाही." .२२ ने कोणी फ्रान्समध्ये लढलं नाही. बॉडी तिकडे गेली असेल नसेल, लोखंडावर ते कुठे लिहिलेलं नसतं. बाबांना हे घरी येऊन सांगणं हे वेगळं काम होतं.

मग नळीचं तोंड दाखवलं. भिंगातून बघितलं तर आत एक बारीक गोल रेघ दिसते. जुनी .३०३ ची नळी पोखरून आत .२२ ची ट्यूब बसवलीये. काही रायफलींना अख्खी नवीन नळी असायची, काहींना अशी ट्यूब, दोन्ही कारखान्याच्याच पद्धती, त्यामुळे ट्यूब दिसली म्हणजे डुप्लिकेट असं नाही. बोल्टचं, म्हणजे मागून गोळी आत ढकलणाऱ्या दांड्याचं, डोकंही वेगळं असतं कारण .२२ च्या गोळीला पिन मधोमध नाही तर कडेवर मारावी लागते. आणि मॅगझिन निव्वळ रिकामा डबा, आत स्प्रिंग नाही, मारलेल्या गोळीचं रिकामं कवच त्यात पडतं एवढंच. मला लहानपणापासून वाटायचं स्प्रिंग कोणीतरी हरवलीये!

नंबरांची कथा मात्र मिक्स. बॉडी आणि नळी एका नंबरची, बोल्टच्या हँडलवर जुना नंबर खोडून नवा मारलाय. मी घाबरलो, पण चाचा म्हणे आर्मीच्या वर्कशॉपमध्ये बोल्ट बदलला की असाच नंबर मारायचे, ठसा खोल आहे, धातू कडेला दबून वर आलाय, म्हणजे जुना ठोकलेला आहे. हल्ली मशीनने कोरलेलं असतं तर ते उथळ आणि सफाईदार दिसतं. पुढच्या लाकडावर नंबरच नाही आणि त्यात आरपार एक आडवा स्क्रू आहे, हा बंगालमधल्या इशापूरच्या सरकारी रायफल फॅक्टरीतल्या दुरुस्तीचा हात. बाण आणि त्याखाली आय म्हणजे हिंदुस्थान सरकारचा माल, आणि दोन बाण टोकाला टोक लावून म्हणजे सरकारने विकून टाकलेला. इंग्लंडमध्ये सिव्हिलियनला विकली असती तर लंडन किंवा बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाउसचे (जिथे बंदुका तपासून पास करतात) शिक्के पाहिजेत, ते एकही नाहीत. म्हणजे ही तिकडच्या बाजारात विकलेली नाही, "लंडन मेड" म्हणणाऱ्या त्या दुसऱ्या डीलरचा विषय संपला. डीपी असा शिक्का आहे का तेही नीट बघितलं, तो ड्रिलच्या रायफलींवर असतो आणि तशी रायफल फायर करायची नसते.

आता साईट. डाव्या बाजूला पार्कर-हेल या इंग्लिश कंपनीची भोकाची साईट (भोकातून बघून नेम धरायची) बसवलीये, ती आर्मीची नाही, क्लबातले नेमबाज विकत घेऊन लावायचे. मी विचारलं काढून टाकू का, ओरिजनल दिसेल. चाचा जरा चिडलेच. टार्गेट रायफल आहे ना ही? मग ती टार्गेटसाठी वापरली गेली त्याची हीच तर खूण आहे, काढली तर खाली स्क्रूची भोकं उरतील आणि ती आर्मीचीही दिसणार नाही आणि क्लबाचीही. मला हे शंभर टक्के पटलं. ओरिजनल म्हणजे कारखान्यातून निघाली तशी, असं धरलं तर हिची १९१७ मध्येच .३०३ म्हणून गोष्ट संपते.

खटकलं ते फिनिशचं. कोणीतरी मधे बफ मारून (मशीनने घासून) नवीन ब्लूइंग, म्हणजे लोखंडावरचा निळसर काळा थर, केलंय, अक्षरांच्या कडा वापरलेल्या साबणासारख्या गुळगुळीत झाल्यात, आणि किंमत तिथेच पडते. दुकानातला तरुण पोरगा मात्र मला पुन्हा "चकाचक करून देतो" म्हणत होता, चाचांनी त्याला हाकलला.

दोन हजार घेतले, बघण्याचे आणि साफ करण्याचे मिळून. वाजवी. पण लेखी काही देत नाहीत, सगळं तोंडी, त्यामुळे मोबाइलवर नोट्स काढा आणि लाकूड उतरवलं की प्रत्येक शिक्क्याचा फोटो घ्या, आधी विचारून. किंमत विचारली तर शेठ विषय बदलतात. फोन कोणी उचलत नाही, पार्किंग विसरा, आणि लायसनची ओरिजनल कॉपी नसेल तर तिथपर्यंत जाऊच नका.

चार स्टार. एक कापला तो लेखी रिपोर्ट नाही म्हणून, आणि त्या बफवाल्या पोराला काउंटरवर ठेवलंय म्हणून. चाचा दुपारी तीननंतरच येतात, शुक्रवारी येत नाहीत.