रिग्ली फील्ड, शिकागो: आईबाबांना बेसबॉल दाखवायचा असेल तर तिकिटाआधी खांब बघा

मी काही बेसबॉलची भक्त वगैरे नाही. ब्लूमिंग्टनला राहते, म्हणजे शिकागो आणि सेंट लुईसच्या साधारण मधे, इथे निम्मं ऑफिस शिकागोच्या कब्स टीमचं निळं घालतं आणि निम्मं सेंट लुईसच्या कार्डिनल्सचं लाल, त्यांची भांडणं ऐकून ऐकून जेवढं कळलं तेवढंच. पण उन्हाळ्यात आईबाबा आले की शिकागो दाखवणं होतंच, आणि बीन नावाचं ते चकचकीत शिल्प झालं, नदीतली बोट झाली, विलिस टॉवर झाला की पुढे काय हा प्रश्न पडतो. तर यावेळी कब्सच्या ग्राउंडवर, म्हणजे रिग्ली फील्डला, त्यांची मॅच दाखवली. त्यानंतर ग्रुपवर जो तो कधी जावं, कुठली सीट घ्यावी, जायचं कसं तेच विचारतोय, म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकते.

निकाल आधी सांगते, जा. पण दिवसाच्या मॅचला जा, वीकेंड सोडून जा, आणि सीट डोळ्यात तेल घालून निवडा. एवढं केलंत तर ज्यांना बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नाही त्यांनाही पैसे वसूल वाटतील, कारण इथे निम्मी गंमत मॅचची आणि निम्मी त्या ग्राउंडची आहे.

दिवसाची मॅच का ते सांगते. हे ग्राउंड १९१४ चं आहे, मेजर लीगमधे (इथली सगळ्यात वरची बेसबॉल लीग) यापेक्षा जुनं फक्त बॉस्टनचं फेनवे पार्क. बाकीच्या सगळ्या ग्राउंडवर केव्हाचे फ्लडलाइट लागले तरी इथे १९८८ पर्यंत लाइटच नव्हते, म्हणजे सत्तरपेक्षा जास्त वर्षं सगळ्या मॅचेस उन्हात. आणि ऑगस्ट ८८ मधे पहिल्यांदा लाइट लावून मॅच ठेवली तर पावसाने धुऊन टाकली, दुसऱ्या दिवशी खेळावी लागली! अजूनही इथे दिवसाच्या मॅचेस बऱ्यापैकी असतात, दुपारी १:२० ची वेळ तर ठरलेलीच, शुक्रवारी खास करून. आउटफील्डच्या, म्हणजे बॅटरपासून लांबच्या टोकाच्या, विटांच्या भिंतीवर वेल चढवलेले आहेत, १९३७ मधे लावलेले, ते हिरवेगार बघायचे असतील तर जून ते सप्टेंबर. एप्रिलमधे तिथे नुसत्या काटक्या दिसतात आणि मिशिगन लेकवरून असा वारा येतो की स्वेटर, त्यावर जॅकेट, त्यावर ब्लँकेट घेऊन लोक बसलेले असतात. नुकत्याच भारतातून आलेल्या माणसाला एप्रिलमधे अजिबात नेऊ नका. जूनमधेही आईची शाल बरोबर ठेवली होती आणि ती लागली.

वाऱ्याचं अजून एक. मिशिगन लेक जवळच आहे, त्यामुळे वारा आतल्या बाजूला वाहत असेल तर उंच मारलेला बॉल हवेतच अडल्यासारखा होऊन फील्डरच्या हातात पडतो, आणि बाहेरच्या बाजूला वाहत असेल तर धडाधड होमरन (आपल्या सिक्ससारखे). १९७९ मधे इथे फिलाडेल्फियाने कब्सला २३-२२ ने हरवलं होतं. बेसबॉलमधे २३-२२! एरवी चार-तीन, पाच-दोन असले स्कोअर असतात. म्हणून बसल्या बसल्या आधी झेंडे कुठल्या दिशेला फडकतायत ते बघायचं, हे मला ऑफिसातल्या एका जुन्या कब्सवाल्याने सांगितलं आणि मी बाबांना सांगितलं, तर नंतर बाबाच शेजारच्या माणसाला झेंडा दाखवून समजावत होते. त्याला बहुतेक माहीत असणार, पण ऐकून घेतलं बिचाऱ्याने.

आता सीटा. हा भाग नीट वाचा कारण इथेच बहुतेकांचे पैसे वाया जातात. ग्राउंड जुनं असल्यामुळे वरचा मजला लोखंडी खांबांवर उभा आहे आणि ते खांब खालच्या मजल्यावर लोकांच्या मधे येतात. १०० नंबरचे सेक्शन म्हणजे ग्राउंडला लागून, महाग, दुपारी डोक्यावर ऊन. २०० चे त्याच्या मागे, वरच्या मजल्याखाली, म्हणजे सावली, म्हणजे म्हाताऱ्या माणसांना उत्तम असं आपल्याला वाटतं, आणि तिथेच खांब आहेत. खांबाच्या मागची सीट आली तर कधी पिचर (बॉल टाकणारा) दिसणार नाही तर कधी बॅटर, आणि मान वाकडी करून करून मॅच संपेपर्यंत मानेचं काही खरं नाही. तिकीट घेताना लिमिटेड व्ह्यू किंवा ऑब्स्ट्रक्टेड असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, ते वाचा. लिहिलेलं नसलं तरी त्या सेक्शनमधून लोकांनी काढलेले फोटो नेटवर ढिगाने सापडतात, पाच मिनिटं लागतात, बघा. आणि २०० मधल्या अगदी मागच्या रांगांना खांब सोडूनही एक अडचण आहे, डोक्यावरचं छत इतकं पुढे येतं की उंच गेलेला बॉल दिसतच नाही, सगळे वर बघतात आणि आपण त्यांच्याकडे बघतो.

आम्ही २०० मधल्या खांबांच्या पुढच्या रांगा बघून घेतल्या, थर्ड बेसच्या बाजूला (बॅटरच्या मागून बघितलं तर डावीकडे), कब्सचा डगआउट, म्हणजे टीमची बसायची जागा, त्याच बाजूला आहे. सावलीही मिळाली आणि खांबही नाही. मला विचाराल तर एवढं शोधण्याची मेहनत महागड्या सीटपेक्षा जास्त उपयोगी. वरचा मजला स्वस्त पडतो आणि तिथून सगळं ग्राउंड, मागची घरं, लांबवर लेक असं छान दिसतं, फक्त चढायचं किती ते गुडघ्यांना विचारून ठरवा. ब्लीचर्स म्हणजे आउटफील्डमागचे बाकडे, तिथे सीट नंबर नसतो, आधी या आणि बसा, फुल ऊन, बिअर आणि कॉलेजची पोरं. विरुद्ध टीमच्या बॅटरने होमरन मारून बॉल तिथे पडला की तो परत ग्राउंडवर फेकायचा असा रिवाज आहे, जो फेकत नाही त्याचं बाकीचे काही खरं ठेवत नाहीत. मित्रांबरोबर जा तिथे. आईबाबांबरोबर नको.

तिकिटाचा दर रोज बदलतो. कोण विरुद्ध, कुठला वार, हवा कशी यावर. कार्डिनल्स आले की वीकेंडला भाव आभाळाला आणि स्टँडमधे निम्मे लाल निम्मे निळे, वातावरण भारी असतं हे मान्य, पण पहिल्यांदा बघणाऱ्याला त्यासाठी दुप्पट-तिप्पट द्यायची काही गरज नाही. टीमचं घरच्या ग्राउंडवर वर्षाला ८१ वेळा खेळणं होतं, तेव्हा मंगळवार-बुधवारची एखादी पडेल टीमविरुद्धची मॅच शोधा. दुसरं म्हणजे रिसेल अ‍ॅप. मी ज्या अ‍ॅपवरून घेतली (नाव घेत नाही) तिथे आधी एक किंमत दाखवली आणि शेवटच्या स्क्रीनवर फी लावून चांगलीच फुगवली, डोकंच फिरलं. सुरुवातीलाच फीसकट किंमत दाखवा असं सेटिंग असेल तर ते चालू करून मगच तुलना करा. तिकिटं फोनवरच येतात, एकाच्या फोनवर सगळी ठेवा, बॅटरी चार्ज ठेवा. आत रोख पैसे चालत नाहीत, कार्डच लागतं, बाबांनी उगाच सुट्ट्या नोटा काढून ठेवल्या होत्या.

जायचं कसं, तर ट्रेनने. गाडी नेऊ नका, नेऊ नका, नेऊ नका. ग्राउंड भर वस्तीत आहे, चहूबाजूंनी घरं, पार्किंगचे दर लुटारू, आणि रात्रीच्या मॅचला आजूबाजूच्या गल्ल्यांत रहिवाशांच्या पासशिवाय गाडी लावली की उचलून नेतात. आम्ही आमच्या शेजारच्या नॉर्मल नावाच्या गावाहून अ‍ॅमट्रॅकच्या ट्रेनने शिकागोच्या युनियन स्टेशनला उतरलो, हॉटेलवर बॅगा टाकल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी आधी आर्ट इन्स्टिट्यूटपाशी, कारण विवेकानंदांचं १८९३ चं भाषण त्याच इमारतीत झालं आणि समोरच्या मिशिगन अ‍ॅव्हेन्यूच्या एका तुकड्याला त्यांचं नाव आहे, त्या पाटीखाली फोटो काढल्याशिवाय बाबा कुठे हलतात! तिथून जॅक्सन स्टेशन चालत दहा मिनिटांच्या आत, रेड लाइन, हॉवर्ड लिहिलेली गाडी, आणि अ‍ॅडिसनला उतरलं की समोर ग्राउंड. वेगळं शोधावं लागतच नाही, निळे टीशर्ट जातात तिकडे जायचं.

येताना मात्र अ‍ॅडिसनच्या प्लॅटफॉर्मवर दादर स्टेशनला लाजवेल अशी गर्दी होते. अर्धा तास बाहेर गॅलाघर वे नावाचं पटांगण आहे तिथे पुतळे बघत काढा, अर्नी बँक्स, बिली विल्यम्स, रॉन सँटो, फर्गी जेंकिन्स, रायन सँडबर्ग असे कब्सचे पाच जुने खेळाडू आहेत तिथे. नाहीतर सरळ चालत बेलमॉंट गाठा, तिथे रेड सोडून ब्राउन लाइनही मिळते.

खाणं. हॉट डॉग बहुतेक बीफचे असतात हे घरच्यांना आधी सांगून ठेवा, आणि तुम्ही खाणार असाल तर शिकागोत त्यावर केचप मागू नका, इथे तो अपमान समजतात, मस्टर्ड, कांदा, टोमॅटो, लोणचं, मिरच्या, सेलरी सॉल्ट, एवढंच. शाकाहारी माणसाला फ्राइज, नाचोज, प्रेट्झेल, पॉपकॉर्न यावर भागवावं लागतं आणि सगळं महाग, बिअरचे भाव तर विचारूच नका. पण बाहेरचं खाणं आत नेता येतं ही फार मोठी सोय आहे! आईने धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी आणली होती, प्रत्येकाचं वेगळं बांधून, पाण्याची सील न फोडलेली बाटली, गेटवर बघितलं आणि सोडलं. बॅगेच्या मापाचे नियम बदलत असतात तेवढे आदल्या दिवशी टीमच्या साइटवर बघून घ्या. आणि गेटच्या बाहेर फुटपाथवर भाजलेल्या भुईमुगाच्या शेंगांच्या पिशव्या विकतात, आतल्यापेक्षा स्वस्त, त्या घ्या. शेंगा फोडायच्या आणि टरफलं तिथेच पायाखाली टाकायची, कुणी काही म्हणत नाही. आईला ते शेवटपर्यंत पटलं नाही, ती आपली टरफलं धपाट्याच्या रिकाम्या पिशवीत भरत होती.

खेळ समजावताना मी क्रिकेटशी फार तुलना करत बसले नाही. नऊ इनिंग, प्रत्येकी तीन आउट, तीन स्ट्राइक झाले की घरी, समोरच्या काटकोनातच मारायचं, मागे गेला तर फाउल, एवढं ट्रेनमधे सांगितलं. "म्हणजे लेट कट मारला तर फुकट?" बाबा म्हणाले. फुकटच, वर दोन स्ट्राइक होईपर्यंत स्ट्राइक पण धरतात. "मग कसला खेळ हा." पण तिसऱ्या इनिंगपर्यंत पुढचा बॉल टाकायला पिचर किती वेळ लावतो ते बघून ओरडायला लागले होते. २०२३ पासून पिच क्लॉक आलं आहे, बेसवर कुणी नसेल तर १५ सेकंदांत बॉल टाकायचाच, त्यामुळे पूर्वी तीन तासांच्या वर जाणारी मॅच आता साधारण दोन तास चाळीस मिनिटांत आटपते. लहान मुलं आणि मोठी माणसं बरोबर असतील तर हा फरक फार जाणवतो.

आणि तो स्कोअरबोर्ड. सेंटर फील्डच्या वर, हिरवा, १९३७ चा, अजून हाताने चालतो. आता बाजूला मोठे व्हिडिओ स्क्रीन लावलेत पण मी सारखी त्या जुन्याकडेच बघत होते, चौकोनी खिडकीतून जुना आकडा आत जातो, क्षणभर काळं भोक, मग नवा आकडा येऊन बसतो, मधेच एका खिडकीत माणसाचं डोकं दिसतं. दुसऱ्या गावांत चाललेल्या मॅचेसचे स्कोअरही त्यावरच. मॅच जिंकली तर वर पांढरा झेंडा निळ्या डब्ल्यूचा, हरली तर निळा झेंडा पांढऱ्या एलचा, पूर्वी ट्रेनमधून जाणाऱ्यांना निकाल कळावा म्हणून. ही टीम १९०८ नंतर थेट २०१६ ला वर्ल्ड सिरीज, म्हणजे लीगचं विजेतेपद, जिंकली, १०८ वर्षांनी, त्यामुळे इथल्या लोकांना हरण्याचं फार कौतुक नाही की दुःख नाही, आमच्या दिवशी हरले तरी लोक हसत बाहेर पडत होते.

नावडलेलं: सीटा अरुंद, पुढे पाय पसरायला जागा नाही, एकाला बाहेर जायचं तर सगळ्या रांगेने उठायचं. पुरुषांच्या टॉयलेटमधे अजून लांबलचक पन्हळ आहे, एका रांगेत सगळे, बाबा जाऊन आले आणि म्हणाले शाळेची आठवण झाली. सातव्या इनिंगच्या मधे सगळं ग्राउंड उभं राहून गाणं म्हणतं, त्याच्या आधी टॉयलेटला जाऊन या, नंतर रांग लागते.

बजेटच कमी असेल तर त्याच रेड लाइनवर दक्षिणेला सॉक्स-३५थ स्टेशनला शिकागोच्या दुसऱ्या टीमचं, व्हाइट सॉक्सचं, ग्राउंड आहे, तिकिटं बरीच स्वस्त, सीटा मोकळ्या, खांब नाहीत. २०२४ ला ही टीम १२१ मॅचेस हरली, आधुनिक काळातला विक्रम. तिकिटं का स्वस्त ते कळलंच असेल. नुसता खेळ बघायचा असेल तर बिनधास्त तिकडे जा, पण वेल आणि तो स्कोअरबोर्ड तिथे नाही.

मॅचनंतर जेवायला डाउनटाउनला परत येऊ नका. अ‍ॅडिसनहूनच हॉवर्डकडे जाणारी रेड लाइन धरा, लोयोलाला उतरा, तिथून १५५ नंबरची बस सरळ डेव्हन अ‍ॅव्हेन्यूवर नेते, डोसा, चाट, थाळी सगळं. आम्ही सहाच्या आत पोचलो होतो म्हणून लगेच टेबल मिळालं, सातनंतर थांबावं लागतं.