सातशे पानांचा घोडदळाचा इतिहास आणि नौपाड्यातली जुजबंदी

ठाण्यात झेरॉक्सवाले गल्लोगल्ली आहेत, पण पुस्तक बांधणारा माणूस शोधावा लागतो. नौपाड्यात, गावदेवी मैदानाच्या मागच्या बाजूला, एका जुन्या चाळवजा इमारतीच्या तळमजल्यावर मला तो सापडला. दुकानावर धड पाटी नाही, दारात पुठ्ठ्यांचे गठ्ठे आणि आत खळीचा वास. काका साठीच्या पुढचे आहेत आणि हातानं जुजबंदी करतात, म्हणजे पानांचे छोटे गठ्ठे (जुज) दोऱ्यानं शिवून पुस्तक बांधतात. मी दिलेलं काम सोपं नव्हतं आणि ते त्यांनी उत्तम केलं, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

काम होतं अमेरिकन यादवी युद्धातल्या (उत्तरेची राज्यं विरुद्ध फुटून निघालेली दक्षिणेची राज्यं) उत्तरेच्या एका स्वयंसेवक घोडदळ रेजिमेंटच्या इतिहासाचं. फर्स्ट मेन कॅव्हलरी ही अमेरिकेच्या ईशान्य टोकाच्या मेन राज्यातली पलटण, 1861 च्या हिवाळ्याच्या तोंडावर ऑगस्टा शहरात उभी राहिली. हा इतिहास लिहिला एडवर्ड टोबी यांनी. पुस्तक 1887 साली बॉस्टनमध्ये छापलं गेलं. प्रताधिकार केव्हाच संपल्यामुळे स्कॅन फुकट मिळतो, पण सातशेहून जास्त पानं पडद्यावर वाचणं माझ्या डोळ्यांना झेपत नाही. आधी एका दुसऱ्या ठिकाणी छापून परफेक्ट बाइंडिंग करून घेतलं होतं. पहिल्या पावसाळ्यातच गोंद सुटला आणि पानं मोकळी झाली. एवढ्या जाडीच्या पुस्तकाला नुसता गोंद पुरत नाही, ते शिवावंच लागतं.

काकांनी पेनड्राइव्ह लावला आणि फाइल पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळली. मधेच थांबून विचारलं, "शेवटी ही एवढी नावं कसली?" मी सांगितलं, प्रत्येक कंपनीतल्या माणसांच्या नोंदी आहेत: कोण कुठून भरती झाला, कोण कुठे जखमी झाला, कोण कैदेत पडला, कोण परत आला. ते म्हणाले, "मग दोन भाग करू. गोष्ट एकात, नावं दुसऱ्यात. वाचताना दोन्ही शेजारी उघडी ठेवता येतील."

या एका सूचनेसाठी मी त्यांना पैकीच्या पैकी गुण देईन, कारण हे पुस्तक असंच वाचायचं असतं.

मिडलटाऊनचं प्रकरण घ्या. 24 मे 1862, व्हर्जिनियातलं शेननडोआ खोरं. लेफ्टनंट कर्नल कॅल्व्हिन डाउटी यांच्या हाताखाली रेजिमेंटच्या पाच कंपन्या होत्या, सोबत व्हरमाँटचे थोडे स्वार. समोर दक्षिणेचा सेनापती स्टोनवॉल जॅक्सन याचं सैन्य आणि तोफा. रस्ता अरुंद, दोन्ही बाजूंना दगडी कुंपण, आणि चार-चारच्या रांगेत दौडत जायचा हुकूम. पुढचे घोडे तोफांच्या माऱ्यात कोसळले. धुळीमुळे मागच्यांना काहीच दिसेना, त्यामुळे तेही वेगात त्यांच्यावर जाऊन आदळले. माणसं आणि जनावरं यांचा रस्ताभर खच पडला. पहिल्या भागात हे वाचायचं आणि दुसऱ्या भागात ए, बी, ई, एच, एम या कंपन्यांची पानं उघडायची. मग तो खच नावानिशी समोर येतो.

पुढच्या वर्षी 9 जूनला ब्रँडी स्टेशनला, त्या युद्धातल्या सर्वांत मोठ्या घोडदळाच्या लढाईत, उत्तरेच्याच किलपॅट्रिकच्या ब्रिगेडमधल्या न्यूयॉर्कच्या दोन रेजिमेंट मागे रेटल्या गेल्यावर मेनवाले फ्लीटवुड टेकडीवर चढले. आठच दिवसांनी ॲल्डीला डाउटी, तोवर कर्नल झालेले, मारले गेले.

आपल्या वाचकाला एक गोष्ट पटकन कळेल. दक्षिणेच्या घोडदळात स्वार स्वतःचा घोडा घेऊन यायचा. सरकार त्याच्या वापराचे रोज 40 सेंट द्यायचं, पण घोडा मेला तर दुसरा त्यानंच आणायचा, नाहीतर पायदळात जायचं. म्हणजे थेट आपला शिलेदार. मेनच्या स्वारांना घोडा सरकारी, म्हणजे बारगीर. युद्ध लांबलं तसा हा फरक मोठा होत गेला. उत्तरेनं 1863 मध्ये घोडदळाचं वेगळं खातं काढलं आणि वॉशिंग्टनजवळ गीझबरोला घोड्यांचा मोठा डेपो उभारला. तिकडे दक्षिणेचे चांगले स्वार केवळ घोड्यावाचून अडून राहिले. मराठ्यांच्या फौजेबद्दल वाचणाऱ्या कुणीही या बाजूनं हे युद्ध जरूर वाचावं.

नावांच्या भागाबद्दल मी एवढा आग्रही का, तेही सांगतो. टोबी स्वतः या रेजिमेंटचे सार्जंट मेजर होते, म्हणजे हजेरी आणि कागदपत्रं हेच त्यांचं काम. 6 एप्रिल 1865 ला सेलर्स क्रीकला जखमी झाले, दुसऱ्या दिवशी फार्मव्हिलला पुन्हा जखमी झाले, तरी दवाखान्यात गेले नाहीत. अ‍ॅड्ज्युटंट (रेजिमेंटचा कागदोपत्री कारभार पाहणारा अधिकारी) जखमी झाल्यावर त्याचंही काम त्यांनी उचललं आणि 9 तारखेला, दक्षिणेच्या मुख्य सैन्यानं शस्त्रं खाली ठेवली तेव्हा, ॲपोमॅटॉक्सला ते हजर होते. यासाठी त्यांना मेडल ऑफ ऑनर हे अमेरिकेचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालं. रेजिमेंटचे 174 जण लढाईत किंवा जखमांनी गेले. उत्तरेच्या दुसऱ्या कुठल्याही घोडदळ रेजिमेंटनं लढाईत इतकी माणसं गमावली नाहीत. आजारानं मात्र त्याच्या जवळजवळ दुप्पट, 344 गेले. हजेरी घेणारा माणूस यातलं एकही नाव सोडणार नाही, आणि त्याचं पुस्तक बांधणाऱ्यानंही ती पानं परिशिष्ट म्हणून बारीक करून कोंबू नयेत. काकांनी कोंबली नाहीत.

आता कामाबद्दल. कागद नॅचरल शेडचा, डोळ्यांना सुखाचा. सोळा-सोळा पानांचे जुज करून दोऱ्यानं शिवलेत, त्यामुळे पुस्तक मधोमध उघडलं की टेबलावर सपाट पडतं, हातानं दाबून धरावं लागत नाही. शिवणीकडची जागा त्यांनी मुद्दाम जास्त सोडली, म्हणून एकही ओळ आत दबलेली नाही. कडा अगदी जेमतेम छाटल्या, समासात टिपणं करायला भरपूर जागा राहिली. अधिकाऱ्यांची छायाचित्रं पहिल्या प्रिंटमध्ये काळवंडली होती, चेहरे कळत नव्हते. मी काही बोलायच्या आत त्यांनीच ती पानं बाजूला काढून, फिकी करून पुन्हा छापून आणली. त्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत. वर गडद निळं कापड.

उणिवा आहेत. पुस्तकाच्या पाठीवरची सोनेरी अक्षरं एका भागावर ठसठशीत आणि दुसऱ्यावर पुसट उठली आहेत. वेळ फार लागतो, मला महिनाभर थांबावं लागलं, आणि मे-जूनमध्ये कॉलेजांच्या प्रोजेक्टचं काम असतं तेव्हा त्याहून जास्त लागेल. फोन उचलत नाहीत, प्रत्यक्ष जावं लागतं. स्टेशनवरून चालत जा, गाडी लावायला जागा नाही.

दोन्ही भागांची छपाई आणि बांधणी मिळून साडेसोळाशे रुपये झाले. हाताची शिवण बघता मला हा भाव कमीच वाटला. फाइल पीडीएफमध्ये न्या आणि छपाई सुरू व्हायच्या आधी एक जुज नमुना म्हणून शिवून मागा. ते आनंदानं देतात, आणि समास हवा तसा आहे का ते तिथेच कळतं.