केळीची फणी, आईची उलटी आणि आमच्या कॅराव्हॅनचं सस्पेन्शन: आठ महिन्यांनंतर

आमच्या गाडीत ड्रायव्हर सीटच्या मागे छताला एक हुक आहे आणि त्याला कायम केळीची फणी टांगलेली असते. केळीसाठी ओळखल्या जाणाऱ्या जळगाव जिल्ह्यातल्या सावद्याची माणसं आम्ही, केळी नाही तर काय टांगणार. पण ही फणी माझ्यासाठी मीटर आहे. मागच्या ऑक्टोबरपर्यंत साधं गतिरोधक गेलं तरी ती शेजारच्या कपाटावर आपटायची, घाटात तर दोन्हीकडे, आणि मुक्कामाला पोचेपर्यंत निम्मी केळी काळी. आता आठ महिने आणि साधारण 11 हजार किलोमीटर झाले, फणी हलते पण कपाटाला लागत नाही. या मधल्या काळात गाडीच्या सस्पेन्शनचं (चाकं आणि गाडीच्या मधले पाटे, शॉकअप वगैरे) काय काय केलं, कुठे पैसे वाया गेले, ते सगळं लिहितो, कारण काम करायच्या आधी मी मराठीत शोधलं तेव्हा मला काहीच मिळालं नव्हतं.

गाडी म्हणजे जुनी फोर्स ट्रॅव्हलर, 3350 व्हीलबेसची (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, मिलिमीटरमध्ये), सेकंडहँड घेतली आणि आत घर करून घेतलं, बेड, ओटा, पाण्याची टाकी, छोटं टॉयलेट, सगळं. (आरसीवर बदल मंजूर करून घेतलाय, ते काम टाळू नका, विमेवाला क्लेमच्या वेळी पहिलं तेच विचारतो.) फर्निचरवाल्याने काम सुबक केलं पण त्याला गाडीशी काय देणंघेणं, त्याने जिथे जागा दिसली तिथे सामान बसवलं. 100 लिटरची टाकी एकदम मागच्या दाराला चिकटून, तिच्या बाजूला जनरेटर, वर बॅटऱ्या. दिसायला मस्त. चालवायला मात्र, आमच्या धुळ्याच्या मेहुण्यांच्या शब्दात, "हाई गाडी शे का पायना?" पाळणाच होता. मुक्ताईनगरकडे जाताना हायवेवर मागून कंटेनर पास झाला की आधी गाडी बाहेर ढकलली जायची आणि मग आत ओढली जायची, दोन्ही हातांनी स्टेअरिंग आवळून बसायचो. रात्री समोरचे ट्रकवाले सारखे डिपर मारायचे, मला वाटायचं यांना काय झालंय, नंतर कळलं की माझं मागचं बूड बसलेलं असल्यामुळे माझेच लाईट आभाळात होते. आणि आई. आई पहिल्यांदा बसली तेव्हा चाळीसगावहून कन्नड घाट चढेपर्यंत तीनदा गाडी थांबवावी लागली.

आता पहिली चूक. एका ट्रान्सपोर्टवाल्या मित्राने सांगितलं मागे एक-एक पाटा (चाकांवर गाडी तोलणारी वाकडी पोलादी पट्टी) वाढव, प्रश्न मिटला. वाढवला. हायवेवरच्या एका गॅरेजवाल्याने दोन तासात बसवूनही दिला. गाडी उचलली, दिसायला एकदम ऐटीत, आणि पहिल्याच खड्ड्यात ओट्यावरचे चार कप फुटले. डुलणं तर कमी झालंच नाही, उलट एका उसळीच्या जागी चार उसळ्या. याचं कारण मला नंतर पाटेवाल्या चाचांनी सांगितलं. पाटा वजन तोलतो, उसळी तो थांबवत नाही, उसळी थांबवतो शॉकअप. पाटा जेवढा कडक तेवढा तो जोरात परत उसळतो, मग त्याला आवरायला शॉकअपही तेवढा दमदार पाहिजे, आणि माझे शॉकअप तर पहिल्या मालकाच्या काळातले, तेल गळून नुसत्या नळ्या राहिलेल्या. पंधरा दिवसात तो पाटा काढून टाकला, मजुरी दोन्ही वेळची गेली.

हे चाचा जळगावला एमआयडीसीच्या बाजूला बसतात, आयुष्यभर कमानीचंच, म्हणजे पाट्यांचंच काम. त्यांनी गाडीखाली वाकून बघायच्या आधी विचारलं, "वजन किती?" मला माहीत नव्हतं. म्हणे आधी काटा करून या, नंतर बोलू. खरं सांगतो, मला तेव्हा राग आला होता. पण सगळ्या खर्चात जास्त फायदा कशाने झाला असेल तर त्या काट्याच्या पावतीने.

आमच्याकडे केळीच्या गाड्या मोजतात त्याच काट्यावर गेलो. पूर्ण टाकी भरून, डिझेल भरून, बायको आणि मी आत बसून. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर, मग पूर्ण गाडी, मग फक्त मागची. काटेवाला पोरगा हसत होता, म्हणे काका केळी कुठंय. पुढे 1,290, मागे 2,410, एकूण 3,700 किलो. मागचा आकडा गाडीच्या प्लेटवर दिलेल्या मागच्या ॲक्सलच्या (चाकांच्या जोडीला धरणारा आडवा दांडा) मर्यादेच्या बाहेर होता. म्हणजे सगळा दोष बिचाऱ्या सस्पेन्शनचा नव्हता, मीच त्याच्या मानेवर बसलो होतो.

आणि इथे एक गणित आहे ते नीट बघा, मला हे कळल्यावर मी दोन दिवस सगळ्यांना ऐकवत होतो. माझी टाकी मागच्या ॲक्सलच्याही साधारण 1.2 मीटर मागे होती. 100 लिटर पाणी म्हणजे 100 किलो, बरोबर? पण मागच्या ॲक्सलवर ते 100 पडत नाही, जवळपास 136 पडतं, कारण मागच्या ॲक्सलला टेकू धरून ते गाडीचं नाक वर उचलतं आणि पुढून 36 किलो कमी करतं. लहानपणी सी-सॉवर बसलोय ना आपण, तेच. पुढची चाकं हलकी झाली की स्टेअरिंग तरंगतं, ब्रेकला पुढे पकड कमी, लाईट वर. मी जे सगळे रोग सांगितले त्यातले अर्धे या एका गोष्टीतून आलेले.

मग टाकी मागच्या ॲक्सलच्या पुढे मीटरभर, बेडखाली आणली. जनरेटर काढूनच टाकला, 60 किलोचं धूड, वर्षात दोनदा चालवलं असेल. अजून 45 किलोचा कचरा निघाला, त्यात एक जास्तीचा भरलेला सिलिंडर आणि एक मेलेली बॅटरी, ती का ठेवली होती देव जाणे. परत काटा केला: पुढे 1,375, मागे 2,220. प्लंबिंग आणि सुताराचे मिळून सहा हजार गेले. नुसतं एवढ्यानेच हायवेवर स्टेअरिंग हातात आलं. डिपर मारणारे बंद झाले. सौ. म्हणाली की आता बास ना, पण एकदा नाद लागल्यावर कोण थांबतंय.

मग चाचांनी पाटे उतरवले. मागच्या डाव्या बाजूचा तिसरा पाटा तडकलेला होता, बाहेरून मातीने लिंपलेला म्हणून दिसत नव्हता, ब्रश मारल्यावर केसाएवढी रेघ दिसली. तो बदलला, बाकीचे साफ करून मध्ये ग्रॅफाईटचं ग्रीस, शॅकलचे (पाट्याचं टोक गाडीला जोडणारा दुवा) आणि पाट्याच्या डोळ्यातले सगळे बुश (जोडात बसणाऱ्या गाद्या) नवीन. नायलॉनचे की रबराचे यावर आमचा थोडा वाद झाला, मी वाचून गेलो होतो की कडक बुश चांगले, चाचा म्हणाले कडक बुश टाक आणि मग रोज आवाज ऐक. रबराचेच टाकले. अँटी-रोल बारच्या लिंकचे बुश तर खाऊन निम्मे झाले होते, बार नुसता लटकत होता, म्हणजे वळणावर गाडीला कलण्यापासून अडवणारं काहीच नव्हतं. त्या बुशांचा खर्च ऐकाल तर हसाल, मजुरीसकट 1,400 रुपये. घाटात कलणं कमी होण्यात यांचा वाटा फार मोठा. सगळ्यात शेवटी चार नवीन गॅसवाले शॉकअप. गतिरोधकावरून उतरल्यावर गाडी आता एकदा दबते, वर येते आणि गप्प बसते. आधी पुढच्या गतिरोधकापर्यंत ती मागच्याचंच बोलत असायची.

आता ज्याच्याबद्दल सगळे विचारतात ते, मागच्या एअर बॅग. म्हणजे पाटे तसेच ठेवून हाउसिंग (मागच्या ॲक्सलचं कवच) आणि चासीच्या (गाडीचा सांगाडा) मध्ये दोन्ही बाजूला रबराचे फुगे, हवा भरून मागची उंची कमी-जास्त करता येते. किट बाहेरून मागवलं, बसवायला एका मोठ्या शहरात गेलो (नाव घेत नाही). बसवून परत येताना लळिंगच्या उतारावर वळणात गाडी अशी कलली की सौ.ने वरचा बार धरला. एवढा खर्च करून आधीपेक्षा वाईट! घरी येऊन खाली झोपून बघितलं तर दोन्ही बॅगा एकाच नळीला, मध्ये टी (तीन तोंडांचा जोड) लावून, हवा भरायला एकच व्हॉल्व्ह. आता विचार करा, वळणात बाहेरची बॅग दाबली जाते, तिची हवा जाणार कुठे, टीमधून आतल्या बाजूच्या बॅगेत. म्हणजे जिथे आधार पाहिजे तिथली हवा निघून दुसरीकडे, आणि ती दुसरी बाजू अजून उचलणार. फिटरला फोन केला तर म्हणे सगळे असंच लावतात, एका ठिकाणी हवा भरायला सोपं जातं. सोपं कोणाला? चाचांनी टी काढून दोन वेगळ्या नळ्या, दोन वेगळे व्हॉल्व्ह केले, 700 रुपयात. दुसऱ्या दिवशी त्याच वळणावर मुद्दाम गेलो. जमीन-अस्मानाचा फरक.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आणि ती मला कोणीच सांगितली नव्हती. माझ्या गाडीला मागच्या हाउसिंगवरून ब्रेकच्या एका व्हॉल्व्हला दांडी जाते. गाडी मागे बसली की व्हॉल्व्हला कळतं वजन आहे, मग तो मागच्या ब्रेकला जास्त दाब सोडतो, गाडी वर असली की कमी. एअर बॅगने मागची बाजू चार सेंटीमीटर वर गेली तर त्या व्हॉल्व्हला वाटलं गाडी रिकामी! डिसेंबरात तोरणमाळहून सातपायरी घाट उतरताना पुढच्या ब्रेकचा जळका वास यायला लागला, गाडी थांबवून अर्धा तास थंड होऊ दिली, दुसऱ्या गिअरमध्ये रांगत खाली आलो. नंतर दांडीची सेटिंग करून घेतली. तुमच्या गाडीला अशी दांडी असेल तर उंची बदलल्याबरोबर हे करून घ्या, बाकी काही विसरलात तरी चालेल.

हवेचं म्हणाल तर घरून भरून निघतो तेव्हा दोन्हीकडे 35 पीएसआय, गाडी उभी असते तेव्हा 15. शून्य कधीच करत नाही, रिकाम्या फुग्याची घडी पाट्यात चिमटली जाते. उजवीकडे सायलेन्सर जवळ होता म्हणून मध्ये पत्र्याची ढाल लावून घेतली. मे महिन्यात एक गंमत झाली, पहाटे भरलेले 35 दुपारी भुसावळच्या उन्हात तीन-चार पीएसआयने वर गेलेले, मी घाबरून सोडले, संध्याकाळी गाडी खाली बसली. आता सकाळी थंड असतानाच बघतो आणि दिवसभर हात लावत नाही. टायरचंही तेच. यू-बोल्ट (पाटे ॲक्सलला आवळून धरणारे) मात्र 500 किलोमीटरनंतर परत आवळायचे हे चाचांनी बजावलं होतं, आवळले तेव्हा पाऊण फेरा फिरले.

न आवडलेलं पण सांगतो. छोटे छोटे खड्डे, उखडलेल्या डांबराची खरखर, हे काही कमी झालं नाही, थोडं वाढलंच, नवीन शॉकअप कडक आहेत. कार समजून कोणी हा खर्च करत असेल तर निराश होईल, शेवटी पाट्याची गाडी ती पाट्याचीच. एअर बॅगने गाडीची वजन उचलायची कायदेशीर मर्यादाही वाढत नाही, ती प्लेटवर असते तीच, फक्त बूड वर दिसतं म्हणून माणूस फसतो. आणि गेल्या आठवड्यात पहिला पाऊस झाल्यावर शेतात गाडी नेली, काळ्या मातीचा गारा फुग्याच्या घड्यांमध्ये असा बसला की वाळून दगड, त्यात खडेही. पाईप लावून धुवायला पाऊण तास.

खर्च एकूण 71 हजाराच्या घरात गेला, त्यात काढून टाकलेला पाटा आणि फसलेली फिटिंग धरून. परत करायचं झालं तर मी काटा, सामानाची हलवाहलव, पाटे-बुश आणि शॉकअप इथपर्यंत येऊन दोन महिने गाडी चालवेन आणि मगच एअर बॅगचं ठरवेन. कदाचित घेणार नाही. त्या किटलाच जवळपास निम्मे पैसे गेले आणि फरक फार तर पाव हिश्श्याचा. सौ.चं मत वेगळं, तिला रात्री मुक्कामाला गाडी तिरक्या जमिनीवर असली की एका बाजूची हवा कमी-जास्त करून बेड सरळ करता येतो ते फार आवडतं.

आई मार्चमध्ये परत बसली, त्याच कन्नड घाटाने वेरूळला. पिशवी हातात घेऊन बसली होती. घाट चढून वर गेलो आणि मागे बघतो तर झोपलेली, पिशवी तशीच घडी घातलेली.

सध्या डाव्या बॅगेची हवा आठवड्यात चार पीएसआय उतरतेय. साबणाचं पाणी लावलं तर नळीच्या जोडाला बुडबुडे आले, फिटरने नळी तिरपी कापली होती ती नीट बसलेलीच नाही. आषाढीला आईला पंढरपूरला न्यायचंय, त्याच्या आत टोक सरळ कापून परत बसवतो.