क्लिपवाली मॅक्रो लेन्स: फुलांसाठी नको, फुलपाखरांसाठी घ्या

फोनच्या कॅमेऱ्यावर चिमट्याने लावायची मॅक्रो लेन्स बरेच दिवस वापरतोय, तर लिहून टाकतो. खोक्यावर फुलं नि दवबिंदूंचे फोटो छापलेत ते सोडा, तसे फोटो हल्ली साधा फोनही काढतो, हिचे पैसे वसूल होतात ते किड्यांचे रंग बघताना.

मेलेलं फुलपाखरू सापडलं की त्याचा पंख लेन्सखाली धरा. नुसत्या डोळ्यांना जो सलग रंग वाटतो तो सगळा खवल्यांचा निघतो, कौलं रचावीत तशा ओळीच्या ओळी. खवला जेमतेम ०.१ मिमी लांब, आणि एका खवल्यात साधारण एकच रंग. काळा पट्टा नारंगीला भिडतो ना, तिथे झूम करून बघा, रंग हळूहळू बदलत वगैरे काही नाही, हा खवला काळा, शेजारचा नारंगी, विषय संपला. कारण प्रत्येक खवला एकेका पेशीने बनवलेला असतो, आणि कुठलं रंगद्रव्य भरायचं ते तिचं कोषातच ठरून जातं. काळा-तपकिरी म्हणजे मेलॅनिन, बऱ्याच फुलपाखरांतला लाल-नारंगी म्हणजे ओमोक्रोम, आणि पांढरी-पिवळी जी छोटी फुलपाखरं असतात त्यांच्यात टेरिन. २०१७ मध्ये शास्त्रज्ञांनी क्रिस्परने (जीनमध्ये फेरफार करायचं तंत्र) ऑप्टिक्स नावाचा एक जीन बंद केला तर काही जातींत लाल जागा चक्क काळ्या झाल्या, आणि बकआय नावाच्या फुलपाखरात तर निळी झळाळी उमटली! हे माहीत असलं की ती काळ्या-नारंगीची कड बघायला अजून मजा येते.

निळ्यासाठी एक ट्रिक. समोरून उजेड असताना पंख निळा दिसतो, तोच उजेड पंखाच्या मागून सोडा, मॉर्फोसारख्या फुलपाखराचा निळा गायब होऊन मातकट तपकिरी उरतो. तिथे निळं रंगद्रव्य नसतंच, खवल्यावरच्या बारीक रचनेमुळे निळा प्रकाश परत फिरतो आणि मेलॅनिन बाकीचा गिळतं म्हणून तो निळा एवढा उठून दिसतो. नारंगी मात्र मागून उजेड टाकला तरी नारंगीच, कारण ते खरंखुरं रंगद्रव्य. ती रचना या लेन्समधून दिसेल अशी आशा ठेवू नका, त्याला इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप लागतो, जाहिरातीत काहीही लिहू देत.

आता रडगाणं. फोकस लागायला लेन्स किड्याच्या अगदी नाकाशी न्यावी लागते, म्हणजे जिवंत किडा पळालाच समजा. फोटोच्या कडा धूसर येतात, मधला भागच काय तो कामाचा. लेडीबगवर तर पार निराशा, पाठ इतकी गुळगुळीत की फ्लॅशचा पांढरा ठिपकाच दिसतो (फ्लॅश बंद करा आणि उजेडासमोर ट्रेसिंग पेपर धरा, जरा बरं पडतं). पण कोषातून नुकताच बाहेर आलेला लेडीबग मिळाला तर सोडू नका, पाठ फिकट पिवळी असते, ठिपके नसतातच, मग काही तासांत मेलॅनिन तयार होऊन काळे ठिपके उमटत जातात, फोन स्टँडवर लावून अधूनमधून फोटो काढत राहा. त्याचा लाल मात्र कॅरोटिनॉइड नावाच्या रंगद्रव्याचा, तो यायला बराच वेळ घेतो.

अजून एक, फोनचा ऑटो मोड लाल रंगाची वाट लावतो, विटकरीचा भडक करून टाकतो, त्यामुळे दोन पंखांची तुलना करायची असेल तर व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्यातली रंगांचा तोल ठरवणारी सेटिंग) लॉक करूनच काढा. आणि जाड कव्हर असलेल्या फोनला क्लिप धड बसत नाही, घेण्याआधी कव्हर काढून लावायची तयारी आहे का बघा.